दिवस धरणे

उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडमध्ये, रणधीर लाकडाचे साचे करतो.
पंपाची टोपणं, पुल्या, कधी एखादा वाकडा भाग
ज्याचं नाव त्यालाही माहीत नसतं.
त्याच्या पट्टीवरचा सेंटिमीटर
दुकानातल्या सेंटिमीटरपेक्षा केसभर लांब आहे.
बीड थंड होताना आकसतं, म्हणतो.
तेवढं आधीच धरून चालायचं.

मला पाच वर्षांत सातशे तीस दिवस कॅनडात काढायचेत.
काढलेत पाचशे चौऱ्याऐंशी,
विनिपेगच्या एका औषधदुकानात, उभ्यानं.
मग लग्न. मग मामंजींचा पाय. मग पायातली पट्टी पिकली.
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब असतो:
एक, एक, दीड, एक.
प्रत्येक आकड्याखाली माझा पेन्सिलीचा ठिपका,
हा दिवस तिथं नव्हते.

मैत्रिणीला फोनवर म्हणाले, माझे लई दिवस गेलेत गं.
भिंतीपलीकडून शेवंताआक्कांनी ऐकलं
आणि संध्याकाळी कैऱ्या घेऊन आल्या.
सासूबाईंनी एक चिरली, तिखटमीठ लावलं,
काही न विचारता माझ्यापुढं सरकवली.
खाल्ली मी. काय सांगणार होते?

अर्जात विचारतात, पहिली भेट कशी झाली.
बाबांच्या गिरणीची पुली फुटली होती.
पिशवीत घालून कसबा बावड्याहून मीच आणली, बारा किलो.
त्यानं पुलीच्या आधी पिशवीचा बंद बघितला
आणि माझ्या हातातून ती खालनं धरली.
इंग्रजीत लिहिताना
पुली तेवढी राहिली.

फोटोही लागतात, लग्न खरं असल्याचे.
आमचे सहाशे आहेत.
सहाशेंत रणधीर माझ्याकडं नाही,
मांडवाच्या डाव्या खांबाकडं बघतोय.
तिरका होता म्हणे.

रात्री त्याला एक नियम वाचून दाखवला.
नवरा तिथला नागरिक असला
तर त्याच्यासोबत बाहेर राहिलेले दिवसही
तिथंच राहिल्यासारखे धरतात.
'आणि मी इथला हाय म्हणून?'
म्हणून हे सगळे फुकट.
शिवाय इथं बसून तुझा अर्जही भरता येत नाही मला.
तुला न्यायला आधी तुला सोडून जायचं.
त्यानं पंखा एकनं कमी केला.
खालच्या रस्त्यावर कुणीतरी बुलेटला किक मारत होतं,
ती काही केल्या चालू होईना.

गंगावेशीत, म्हशीच्या धारेखालचा पेला हातात धरून
महिन्याभरात पहिल्यांदा त्यानं तिथलं काहीतरी विचारलं.
'लाकूड कसलं मिळतंय गं तिकडं?'
मॅपल असेल, म्हणाले. मला कुठं माहीत.
'सागवान न्हाई?'
नाही.
ओठावरचा फेस त्यानं मनगटानं पुसला.
'हात नवा करायला लागंल.'
तेवढंच. पेला परत दिला, सुट्टे मोजले.

मुदतीला उरले एकशे नव्वद दिवस,
लागणार एकशे सेहेचाळीस.
चव्वेचाळीस सुटीचे, आकसायला.
फाइल अडली, मामंजी पुन्हा पडले, कशालाही.
रणधीरनं दोनदा वजाबाकी करून बघितली,
कानामागची पेन्सिल काढून, प्लायवुडच्या तुकड्यावर.

पहाटे चारला निघाले. दारात म्हणाले, येतो.
येते नाही, येतो,
इथल्या बायका म्हणतात तसं.
तिथं 'येते' म्हणायलासुद्धा कुणी नसतं.

विमान उतरलं रात्री पावणेबाराला.
उतरल्याचा दिवस तिथं पूर्ण धरतात,
पंधरा मिनिटं का उरलेली असेनात.
पाचशे पंच्याऐंशी.

परवा व्हिडिओवर त्याच्या मागं कॅलेंडर दिसलं.
मी निघाले त्या तारखेला, दुधाच्या चौकोनात: दीड.
म्हटलं, चुकलास. त्या दिवशी मी नव्हतेच, एक लिही.
तो वळून बघत राहिला.
खोडायला उठला नाही.
'च्या घेऊन गेलीस की.'